फ्राऊ सबनीसांनी अडवलेली गाडी

फ्राऊ सबनीस मला कधीच आवडल्या नाहीत. आज त्यांच्याबद्दल लिहायला बसलो आहे म्हणून आता आवडायला लागल्या, असंही नाही. हे आधीच सांगतो, कारण गेलेल्या किंवा दुरावलेल्या माणसाबद्दल लिहिताना सूर आपोआप मऊ होतो, आणि माझा तसा झालाच तर तो त्यांनाही खपला नसता.

जर्मनीत झिंडेलफिंगेनला आम्ही राहायला गेलो तेव्हा आमच्या इमारतीत तीन मराठी बिऱ्हाडं होती. तळमजल्यावर अमोल आणि प्राची, त्यांची तीन वर्षांची मुलगी. मधे मी आणि माझी बायको अनघा. आणि आमच्या डोक्यावर फ्राऊ सबनीस एकट्या. पन्नाशी उलटलेली, उंच, खांदे किंचित पुढे आलेले, केस बारीक कापलेले. बारा महिने एकच निळं जाकीट आणि त्याच्या खिशात एक छोटी बॅटरी. अनघा पहिल्याच आठवड्यात डब्यात शिरा घेऊन वर गेली आणि दारात हसून म्हणाली, "ताई, आम्ही खाली नवीन आलोय." त्यांनी डबा घेतला नाही. "मी तुमची ताई नाही," त्या म्हणाल्या. "सबनीस. आणि जिन्याच्या कठड्याखाली धूळ आहे. या आठवड्याची पाळी तुमची."

श्वाबेन भागात ही एक पद्धत आहे. इमारतीचा जिना आणि बाहेरची फरशी झाडायची पाळी आठवड्याआठवड्याने प्रत्येक घराकडे येते, आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर एक पाटी लटकते. तिला केरवोखं म्हणतात. पुण्याहून आलेल्या माणसाला त्यातला केर तेवढा लगेच कळतो, बाकीचं हळूहळू. शेजारी एक जर्मन आजी होत्या, त्यासुद्धा कधीमधी कोपरा सोडायच्या. फ्राऊ सबनीस सोडायच्या नाहीत. मी झाडून वर गेलो की त्या बॅटरी घेऊन खाली उतरायच्या, कठड्याखाली प्रकाश मारायच्या आणि काही न बोलता परत वर जायच्या. दुसऱ्या दिवशी दारावरची पाटी तिथेच असायची. म्हणजे पुन्हा झाडा.

तेव्हापासून आम्ही सगळेच त्यांना, जर्मन लोक परक्या बाईला म्हणतात तसं, फ्राऊ सबनीस म्हणू लागलो. आधी चिडून, मग सवयीने.

त्या सांगलीकडच्या, एवढं कळलं होतं. इलेक्ट्रॉनिक्स शिकून फार लवकर जर्मनीत आल्या, गाड्यांच्या कंट्रोल युनिटच्या चाचण्या करण्यात बरीच वर्षं काढली आणि पुढे एका तपासणी संस्थेत गुटआख्टर झाल्या. गुटआख्टर म्हणजे वादात सापडलेली गाडी तपासून, काय बिघडलंय आणि ते कुणी बिघडवलंय याचं मत देणारा तज्ज्ञ. लग्न झालं होतं का, मोडलं का, कुणी होतं का, याच्या तीन-चार गोष्टी तिथल्या मराठी मंडळात फिरत असत. मला त्यातली एकही खरी वाटली नाही. माणूस तुसडा असला की त्याच्यामागे दुःख शोधायची आपल्याला खोड असते. त्यांचा तुसडेपणा मला तरी स्वयंभू वाटायचा.

बोलायची ढब ठरलेली. कुणी काही सांगितलं की आधी "आल्झो," म्हणजे 'तर मग', आणि थोडं थांबून, "कशावरून?" समोरच्याने कारण दिलं आणि ते पटलं, तर "गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर', असं म्हणायच्या, पण असं की शाबासकी मिळाली की कानफटात बसली हे कळू नये. कौतुक त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही. अहो-जाहो मात्र सगळ्यांना, कॉलेजातून नुकत्याच आलेल्या पोरांनासुद्धा. त्यात आदर नव्हता. जवळ येऊ नका, एवढाच निरोप होता.

एका दिवाळीला जोगळेकरांकडे फराळाला आम्ही सगळे होतो. जोगळेकर मंडळाचे जुने माणूस, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारे. त्यांनी नवी, म्हणजे त्यांच्यासाठी नवी, जुनी गाडी घेतली होती आणि फराळाआधी सगळ्यांना खाली नेऊन दाखवली. मीटर किलोमीटर फार कमी दाखवत होता. एका म्हाताऱ्या बाईने नुसती बेकरीत जायला वापरलेली गाडी आहे, असं ते खुशीत सांगत होते. फ्राऊ सबनीसांनी दार उघडलं, आत वाकून बॅटरी मारली आणि दार लावलं. वर येऊन बशीतली चकली उचलली आणि म्हणाल्या, "आल्झो, बेकरी बरीच लांब असणार. ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालंय, आणि क्लचचं नवीन घातलंय. मीटर मागे फिरवलेला आहे." जोगळेकर वहिनी स्वयंपाकघरात गेल्या. फ्राऊ सबनीसांनी चकली शांतपणे संपवली, तेल जास्त झाल्याचं सांगितलं आणि घरी गेल्या. पुढच्या दिवाळीला त्यांना बोलावणं गेलं नाही. जोगळेकरांनी ती गाडी काही दिवसांनी गुपचूप परत केली, हे मला फार उशिरा कळलं.

अमोलची गोष्ट सुरू झाली तेव्हा मी स्वतः तिथे होतो.

अमोल माझ्यापेक्षा लहान, कोल्हापूरचा, एका पुरवठादार कंपनीत कंत्राटावर. त्याने शहराबाहेरच्या एका डीलरकडून जुनी स्टेशन वॅगन घेतली होती. डीलरला आपण क्रेचमार म्हणू. गाडी घेऊन अर्धं वर्ष उलटलं होतं. एका शनिवारी सकाळी तळघरातल्या गॅरेजमध्ये अमोल प्राचीची वाट बघत गाडीत बसला होता, मुलगी शेजारच्या सीटवर तिच्या लहान मुलांच्या खुर्चीत. किल्ली फिरवलेली होती, पण इंजिन सुरू नव्हतं, कारण मुलीला रेडिओ हवा होता. मी माझ्या गाडीचे टायर बदलायला घेत होतो. फ्राऊ सबनीस आपल्या गाडीकडे जाता जाता अमोलच्या खिडकीपाशी थांबल्या आणि आत बघत राहिल्या. अमोलने काच खाली केली.

"किल्ली बंद करा," त्या म्हणाल्या. "आता पुन्हा फिरवा. सुरू करू नका."

अमोलने तसं केलं. मीटरवरचे सगळे दिवे लागले.

"एअरबॅगचा दिवा काही सेकंदांत आपला आपण विझायला हवा. विझलाय?"

नव्हता विझला.

"आता सुरू करा."

इंजिन सुरू झालं, आणि तेलाचा दिवा विझला त्याच क्षणी एअरबॅगचाही विझला. फ्राऊ सबनीसांनी पलीकडचं दार उघडलं, मुलीच्या खुर्चीचे पट्टे सोडले आणि तिला उचलून माझ्या हातात दिलं. मुलगी रडायला लागली.

"हा दिवा तेलाच्या दिव्याला बांधलाय," त्या म्हणाल्या. "इंजिन लागलं की दोन्ही विझतात. तपासणी करणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे."

त्यांनी वरून लॅपटॉप आणला, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला जोडला. अमोलला आणि मला शेजारी उभं केलं, प्रत्येक गोष्टीचा फोटो काढला. एअरबॅगचं कंट्रोल युनिट सांगत होतं की या गाडीला जोराची धडक बसलेली आहे, एअरबॅग उडालेल्या आहेत, दिवा लावा. "युनिट म्हणतंय दिवा लाव. दिवा लागत नाही. म्हणजे मधे कुणीतरी बसलंय," त्या म्हणाल्या. मग समोरचा कप्पा काढला. डॅशबोर्डच्या आत जिथे एअरबॅगचा डबा असायचा, तिथे मोकळी जागा होती. वायरच्या टोकाला काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला एक रेझिस्टर, म्हणजे बोटाच्या नखाएवढा तुकडा, डाख देऊन बसवला होता. एअरबॅग जागेवर आहे, असं त्याने युनिटला भासवायचं, एवढंच त्याचं काम.

प्राची तोवर खाली आली होती. तिने विचारलं, "म्हणजे धडक बसली असती तर?"

"काही उघडलं नसतं," फ्राऊ सबनीस म्हणाल्या. मग अमोलकडे वळून, "हात लावू नका कशाला. आजपासून ही गाडी चालवायची नाही."

कुठल्याही दुसऱ्या माणसाने हे केलं असतं तर अमोल त्याच्या पाया पडला असता. पण त्यांनी जाता जाता विचारलं, "घेताना किल्ली फिरवून एवढंही बघितलं नाहीत? इंजिनिअर ना तुम्ही?" आणि अमोलचा चेहरा उतरला तो पुढे त्यांच्यासमोर कधी सरळ झाला नाही.

सोमवारी अमोल, फ्राऊ सबनीस आणि मी क्रेचमारकडे गेलो. माझं जर्मन अमोलपेक्षा बरं, म्हणून मी. क्रेचमार गोरापान, गुबगुबीत, लाघवी माणूस. त्याने कॉफी दिली, अमोलच्या मुलीची चौकशी केली, नाव अगदी बरोबर घेतलं. मग म्हणाला की गारंटी आहे ती इंजिन आणि गिअरबॉक्सची, इलेक्ट्रॉनिक्सची नाही. तरी पण जुने गिऱ्हाईक म्हणून तो गाडी उचलून आणेल आणि सगळं फुकट नीट करून देईल. किल्ली फक्त ठेवून जा.

अमोलने खिशात हात घातला.

"किल्ली देऊ नका," फ्राऊ सबनीस मराठीत म्हणाल्या. मग क्रेचमारला जर्मनमध्ये सांगितलं, गारंटी ही तुमची मेहेरबानी. विकलेल्या मालातल्या दोषाची गेव्हेअरलाइस्टुंग ही तुमच्यावरची कायद्याची जबाबदारी आहे. फसवून विकलं असेल तर मुदतीचा आडोसा मिळत नाही, आणि दुरुस्तीची संधीही तुम्हाला द्यावी लागत नाही. हे सांगताना त्या त्याच्या कॉफीच्या कपाकडे बघत होत्या, त्याच्याकडे नाही. क्रेचमारचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. त्याने अमोलला विचारलं, ही बाई तुमची कोण? अमोल म्हणाला, "शेजारीण."

बाहेर आल्यावर अमोल उखडला. तो फुकट करून देत होता ना, मग अडचण काय? फ्राऊ सबनीस म्हणाल्या, गाडी एकदा त्याच्या आवारात गेली की ती टेप, तो रेझिस्टर, ती मोकळी जागा, सगळं नाहीसं होईल. मग तो काय बसवतो ते तुम्हाला दिसणारही नाही. वकील गाठा. अमोलने वकिलाचं नाव घेतल्यावर हात झटकले. त्याचं कंत्राट संपत आलं होतं, पुढचं ठरत नव्हतं, व्हिसाची टांगती तलवार होती. अशा माणसाला कोर्ट म्हणजे दुसरं संकट वाटतं. मला त्याचं पटलं होतं. आजही अर्धं पटतं.

पण मग त्याने जे ठरवलं ते मला माहीत नव्हतं.

नाशिकहून मकरंद आणि श्वेता हे जोडपं नुकतंच आलं होतं. श्वेताचे दिवस भरत आले होते, दवाखाना लांब, त्यांना तातडीने गाडी हवी होती. अमोलने आपली गाडी त्यांना द्यायचं ठरवलं. खाजगी व्यवहार, घेणारा ओळखीचा, दिवा विझतो, तपासणी झालेली. नंतर तो मला म्हणाला की आम्ही अर्धं वर्ष फिरलो, काय झालं? एअरबॅग लागते किती जणांना? तो वाईट माणूस नव्हता. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात खुर्च्या उचलणारा, नवीन माणसाला विमानतळावरून आणणारा. त्याला फक्त ते ओझं आपल्या दारातून हलवायचं होतं, आणि त्याने स्वतःला समजावलं होतं की ओझं फार जड नाही.

ते दोघं गाडी न्यायला आले त्या रविवारी दुपारी खालून आरडाओरडा ऐकू आला म्हणून मी गॅरेजमध्ये उतरलो. व्यवहार चाललेला बघून फ्राऊ सबनीसांनी आपली गाडी अमोलच्या गाडीला आडवी लावली होती आणि किल्ली खिशात घालून बाजूला उभ्या होत्या. अमोल लालबुंद झाला होता. मकरंद गोंधळून दोघांकडे बघत होता.

"गाडी काढा," अमोल म्हणाला. "ही माझी खाजगी जागा आहे."

"यांना सांगा, मग काढते."

"तुमचा काय संबंध?"

"सांगा."

अमोलने सांगितलं नाही. त्याने पोलिसांना फोन केला. मी तेव्हा त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हटलं की आपण आपसात मिटवू, नव्या लोकांसमोर तमाशा कशाला. त्या म्हणाल्या, "तुम्ही वर जा." असं जोरात, की गॅरेजभर घुमलं.

पोलीस आले, एक बाई आणि एक तरुण. त्यांनी आधी फ्राऊ सबनीसांनाच गाडी हलवायला सांगितलं, आणि त्यात चूक काही नव्हती. त्या म्हणाल्या, हलवते, आधी या दोघांसमोर ऐका. आणि जर्मनमध्ये, एकेक शब्द तोडून, त्यांनी सगळं सांगितलं. पोलीसबाईने अमोलला विचारलं, तुम्हाला हे ठाऊक होतं? अमोलने होकारार्थी मान हलवली. मकरंदने हातातली किल्ली गाडीच्या टपावर ठेवली. श्वेता भिंतीला टेकून रडू लागली. तिला आता दवाखान्यात कसं जायचं याचीच काळजी होती, आणि परक्या देशात आल्या आल्या पोलीस बघायला लागले याची भीती. मला वाटलं आता तरी ही बाई दोन शब्द बरे बोलेल.

"रडून घ्या," फ्राऊ सबनीस तिला म्हणाल्या. "आणि पुढची गाडी तपासून घ्या. दर वेळी मी नसेन." मग आपली गाडी काढून निघून गेल्या.

त्यानंतर मंडळाने त्यांच्याशी बोलणं टाकलं. अमोलशीही दोन आठवडे कुणी धड बोललं नाही, पण तो चांगला मुलगा होता, चूक झाली, पोटात घालू, असं होत होत तो पुन्हा खुर्च्या उचलू लागला. फ्राऊ सबनीसांनी पोलिसांपुढे आपल्या माणसाची अब्रू काढली, हे मात्र कुणी पोटात घातलं नाही. श्वेता तर सगळ्यांना सांगायची की त्या बाईने माझ्यावर ओरडायला कमी केलं नाही, माझी अवस्था दिसत असूनही. ओरडल्या त्या माझ्यावर होत्या, पण हे दुरुस्त करावं असं त्या दिवसांत कुणालाच वाटलं नाही.

आता अमोलला वकील गाठावाच लागला. गाडी विकता येईना आणि चालवता येईना. क्रेचमारच्या वकिलाचं उत्तर आलं ते फ्राऊ सबनीसांवर रोख धरून. त्यात म्हटलं होतं की गाडी दिली तेव्हा एअरबॅग शाबूत होती. अर्ध्या वर्षानंतर घेणाऱ्याच्याच इमारतीत राहणारी, त्याच्याच देशाची, नेमकी याच विषयातली एक तज्ज्ञ बाई ती नसल्याचं शोधून काढते, हे विलक्षण आहे. कंट्रोल युनिटच्या नोंदी बदलायचं आणि असा रेझिस्टर डाख देऊन बसवायचं कसब या गावात आणखी कुणाकडे आहे? त्याची एक प्रत त्यांच्या संस्थेत गेली. संस्थेने चौकशी होईपर्यंत त्यांना तपासणीच्या कामावरून बाजूला केलं.

त्या शनिवारी मी कपड्यांची टोपली घेऊन इमारतीच्या धुण्याच्या खोलीत गेलो तर त्या तिथे बसल्या होत्या. त्यांचं मशीन कधीच थांबलं होतं. मी विचारलं, मोकळं आहे का? "हो, घ्या," त्या म्हणाल्या, आणि हलल्या नाहीत. मग माझ्याकडे न बघता बोलल्या.

"इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलेय की गाडी खोटं बोलत नाही, माणसं बोलतात. आता ते मलाच सांगतायत."

मी म्हटलं, लोकांना ठाऊक आहे तुम्ही असं करणार नाही. त्यांनी विचारलं, "कुणाला?" उत्तर यायच्या आत त्यांनी मशीन उघडलं, ओले कपडे पिशवीत कोंबले आणि मशीनच्या दारावरचं पाणी मी नीट पुसावं असं सांगून गेल्या.

क्रेचमारने मग अमोलला निरोप पाठवला. तो गाडी परत घेऊन दुसरी द्यायला तयार होता. अमोलने एवढंच लिहून द्यायचं की हे काम कधी झालं ते सांगता येत नाही आणि फ्राऊ सबनीसांच्या तपासणीवर आपण अवलंबून नाही. अमोल सही करणार होता. त्या संध्याकाळी प्राची आमच्याकडे आली, मागोमाग तोही. प्राची एरवी कमी बोलणारी. तिने अनघाच्या फोनवरून आईला साताऱ्याला फोन लावला आणि पूर्वी तिला पाठवलेला एक फोटो परत मागवून घेतला.

"या सहीने त्यांची नोकरी जाईल," ती अमोलला म्हणाली.

"त्या आपल्या कोण लागतात?"

"कुणी नाही. पण माझी पोरगी त्या सीटवरून त्यांनी उचलली."

प्राची मला म्हणाली, "तुम्ही चला बरोबर. मला एकटीला भीती वाटते त्यांची."

आम्ही वर गेलो. फ्राऊ सबनीसांनी आम्हाला आत बोलावलं नाही, दारातच उभं केलं. प्राचीने फोटो दाखवला. गाडी घेतली त्या दिवशी क्रेचमारच्या आवारातच तिने पूजा केली होती: डॅशबोर्डवर कुंकवाचं स्वस्तिक, मुलगी पुढच्या सीटवर, आणि खिडकीतून डोकावणारा हसरा क्रेचमार, हातात नारळ. कोवळं तिरपं ऊन डॅशबोर्डवर पडलेलं. फ्राऊ सबनीसांनी फोटो मोठा केला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग मला बोट लावून दाखवलं. स्वस्तिकाच्या वरून, एअरबॅग जिथून फाडून बाहेर येते त्या जागी, एक बारीक उंचवटा चौकोनात फिरला होता, आणि आतल्या कातडीचा खडबडीतपणा बाहेरच्यापेक्षा वेगळा होता. फाटलेला डॅशबोर्ड चिकटवून वर नवी कातडी ओढली होती. गाडी अजून क्रेचमारच्या आवारात असताना.

"गेनाऊ," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज किंचित चिरकला, का मला तसं वाटलं, कुणास ठाऊक. प्राचीचे डोळे भरून आले, ती काहीतरी बोलू पाहत होती.

"हा वकिलाला पाठवा. आणि मुलीला पुढे बसवू नका, मागे बसवा," त्या म्हणाल्या आणि दार लावलं.

अमोलने सही केली नाही. पुढचं लवकर आटपलं. श्टुटगार्टहून आलेल्या दुसऱ्या गुटआख्टरने फोटो आणि गाडी शेजारी ठेवून पाहिली. आपल्याच हातात नारळ असल्यावर क्रेचमारला फारसं बोलायला उरलं नाही. त्याने गाडी परत घेतली आणि व्यवहार रद्द झाला. फ्राऊ सबनीसांना पुन्हा कामावर घेतलं; माफी कुणी मागितली असेल असं मला वाटत नाही. अमोल त्यांना एकदाच भेटला, जिन्यात. तो थांबला, काहीतरी म्हणणार होता. त्या म्हणाल्या, "वाट द्या." वर्षभरात अमोल-प्राची दुसऱ्या गावी गेले. मला हेर्त्सोगेनआउराखला नोकरी मिळाली आणि आम्हीही झिंडेलफिंगेन सोडलं. निघताना अनघा वर जाऊन बेल वाजवून आली. दार उघडलं नाही. आत पावलं ऐकू आली, असं ती म्हणाली.

त्यांना शेवटचं पाहिलं तेव्हा मधे तीन-चार वर्षं गेली होती. कामासाठी झिंडेलफिंगेनला गेलो होतो आणि दुपारी बाजारचौकात कॉफी घेत बसलो होतो. फ्राऊ सबनीस बेकरीतून बाहेर आल्या. आणखी वाकल्या होत्या. समोरून श्वेता येत होती, आणि तिच्यापुढे दहा-बारा पावलं, नाचत, तिची मुलगी. मुलीच्या बुटाची लेस सुटून फरशीवर लोळत होती.

"लेस सुटलीये," फ्राऊ सबनीस तिला म्हणाल्या.

मुलगी थांबली. तिला मराठी कळलं, पण उत्तर जर्मनमध्ये आलं, हनुवटी वर करून. "वाइस इश." माहितीये मला.

श्वेताने तोवर त्यांना ओळखलं होतं. तिने झपझप येऊन मुलीचा दंड धरला आणि काही न बोलता तिला चौकाच्या पलीकडे ओढून नेलं. फ्राऊ सबनीस पाव छातीशी धरून तिथेच उभ्या राहिल्या. पलीकडे गेल्यावर मुलीने हात सोडवून घेतला, खाली बसली आणि जीभ बाहेर काढून, चुकत चुकत, लेस बांधली. ती पुरती बांधून होईपर्यंत त्या बघत होत्या. मग वळल्या आणि गल्लीत दिसेनाशा झाल्या.